लांडगा, बिबट्या आणि ओस पडणारे वाडे : राज्य वन्यजीव मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ,
मुंबई.

विषय : हिंस्र वन्यप्राण्यांचे हल्ले आणि मेंढपाळ वाड्यांवरील (कळपासह फिरणाऱ्या बिऱ्हाडांवरील) घटते मनुष्यबळ यांचा एकत्रित विचार होण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेल्या आपल्या मंडळापुढे येणारे बहुतेक विषय अभयारण्यांच्या हद्दीतले, किंवा त्या हद्दीतून जाऊ पाहणाऱ्या रस्त्यांचे, कालव्यांचे आणि वीजवाहिन्यांचे असतात. माझा विषय या हद्दींच्या बाहेरचा आहे. राज्यातला लांडगा मुख्यतः अभयारण्याबाहेरच राहतो, बिबट्याही मोठ्या संख्येने बाहेरच राहतो, आणि मेंढपाळाला तर कोणतीच हद्द नाही. त्यामुळे हे तिघे जिथे समोरासमोर येतात ती जमीन कोणाच्याच कार्यसूचीवर पूर्णपणे येत नाही. वन विभाग प्राण्याचे पाहतो, पशुसंवर्धन विभाग मेंढीचे पाहतो, महसूल विभाग गायरानाचे पाहतो. रात्रभर जागून कळप राखणाऱ्या माणसाचे कोणी पाहते, असे मला दिसलेले नाही.

मी घाटकोपरला राहतो आणि नोकरी करतो. आमचे मूळ गाव माण तालुक्यातले असून घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे आहेत. थोरला भाऊ अजूनही दिवाळी झाली की वाडा घेऊन बाहेर पडतो आणि मृगाच्या सुमारास माघारी येतो. या पत्रातील बऱ्याच गोष्टी त्याच्याकडून आणि त्याच्या सोबतच्या मेंढक्यांकडून कळलेल्या आहेत. त्यांचा अर्थ मात्र मी माझ्या जबाबदारीवर लावतो आहे.

लांडग्याने मेंढरू नेले की त्याची बातमी होते, पंचनामा होतो आणि दोष लांडग्याच्या नावावर लिहिला जातो. परंतु लांडगा माझ्या आजोबांच्या काळातही कोकरू नेतच होता. ‘त्याचा वाटा त्यानं नेला’ असे म्हणून तेव्हाचे मेंढके पुढच्या मुक्कामाला निघत. त्यांना नुकसान सोसवत होते याचे कारण त्यांचे मन मोठे होते एवढेच नाही. एका वाड्यात चार-पाच बिऱ्हाडे एकत्र असत. सगळ्यांची मेंढरे एका वाघरीत, म्हणजे दोरखंडाच्या जाळीत, कोंडली जात. जाळीच्या चारही अंगांना घोंगडी अंथरून गडी झोपत, वाऱ्याच्या दिशेला कुत्री असत, मधे विस्तव असे आणि लहान कोकरे डालग्याखाली झाकलेली असत. लांडग्याला एवढ्या माणसांतून वाट काढावी लागे आणि तो बहुधा एखाद्या मागे राहिलेल्या लंगड्या मेंढरावर समाधान मानी.

आज भावाच्या वाड्यात दोन बिऱ्हाडे आहेत. मेंढरांची संख्या मात्र फारशी कमी झालेली नाही, कारण औषधे, मुलांचे शिक्षण आणि दुष्काळातला विकतचा चारा हे खर्च भागवायचे तर कळप लहान ठेवून चालत नाही. दिवसभर चारून आलेला माणूसच रात्री राखणीला असतो. वहिनीला स्वयंपाक, पाणी, सामानाची बांधाबांध आणि आजारी कोकरांना पाजणे आटोपेपर्यंत मध्यरात्र होते. पहाटे तीन-चारच्या थंडीत, विस्तव विझत आलेला असताना आणि डोळा लागलेला असताना लांडगे येतात. मेंढके सांगतात की एक जण समोरच्या बाजूला दिसेल असा उभा राहतो, कुत्री त्याच्यामागे धावतात आणि दुसरा मागच्या अंगाने जाळीजवळचे कोकरू उचलतो. लांडग्याने ही युक्ती नव्याने शिकलेली नाही. तिला तोंड द्यायला मागच्या अंगाला जो माणूस असायचा, तो आता तिथे नाही.

हा माणूस कुठे गेला, हे मला चांगले ठाऊक आहे, कारण मी त्यांच्यापैकीच आहे. माण-खटावची कितीतरी घरे मशीद बंदर आणि वाशीच्या बाजारांत माथाडी कामावर उभी राहिली. आटपाडी-विटा भागातली मुले गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली. मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलाला आता मुलगी मिळत नाही, ही सोयरीक जुळवणाऱ्यांच्या बैठकीत उघड बोलली जाणारी गोष्ट आहे. वाड्यासोबत फिरणाऱ्या पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते, म्हणून आईबाप त्यांना नातेवाइकांकडे ठेवतात. ती मुले शिकतात आणि परत येत नाहीत. त्यांनी परत यावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? लोकर विकून कातरणीचा खर्चही निघत नाही, घोंगडी विणणाऱ्या सनगरांचे माग बंद पडत चालले आहेत, आणि मेंढीपालन केवळ मटणाच्या भावावर तगून आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. ‘खेडी ओस पडत आहेत’ असे आपण सरसकट म्हणतो, पण आमच्या भागात चित्र दुहेरी आहे. टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर यांसारख्या योजनांमुळे जिथे पाणी पोहोचले तिथे ऊस, डाळिंब, द्राक्षे आली. त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पाण्यासाठी त्या तालुक्यांनी पिढ्या घालवल्या आहेत. परंतु पूर्वी सुगीनंतर जी राने मोकळी पडत आणि जिथे मेंढरे बसवायला शेतकरी स्वतःहून बोलवायला येई, ती राने आता बारमाही पिकाखाली आहेत आणि त्यांना तारेचे कुंपण आहे. उरलेल्या गायरानांवर सौरऊर्जेचे प्रकल्प येत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी शासकीय जमिनींबरोबर गायरानेही घेतली जातात आणि कागदावर ती ‘पडीक’ असल्याने कोणाचे काही गेले असे दिसत नाही.

कोकणात याच्या नेमके उलट घडले आहे. हिवाळ्यात आमचे वाडे घाट उतरून रायगड-रत्नागिरीकडे जात. भातकापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढरे बसवली की लेंडीखत आणि मूत्र थेट जमिनीत मुरे आणि त्याबदल्यात शेतकरी भात किंवा रोख पैसे देई. आज तिथली तरणी माणसे मुंबईत आहेत. खाचरे पड आहेत आणि त्यांत झुडपे माजली आहेत. कित्येक जमिनी मुंबई-पुण्याच्या लोकांनी घेऊन कुंपणे घातली आहेत. खत मागणारा शेतकरीच उरला नाही, त्यामुळे वाड्याला मुक्कामाची जागा आणि मिळकत दोन्ही गेली. आणि पड रान माजले की त्यात रानडुक्कर येते, बिबट्याला आडोसा मिळतो. देशावर जागा अतिवापराने गेली आणि कोकणात वापर थांबल्याने गेली. दोन्हीकडे मेंढपाळ अधिक अवघड, अधिक अनोळखी आणि अधिक धोक्याच्या ठिकाणी रात्र काढू लागला.

आता नुकसानभरपाईविषयी. सध्याच्या शासन निर्णयानुसार वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेंढी किंवा शेळी दगावल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती दिली जाते. ही रक्कम पूर्वीपेक्षा वाढलेली आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. अडचण रकमेपेक्षा पद्धतीत अधिक आहे. घटना ४८ तासांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्यास कळवावी लागते, मृत जनावर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवायचे नसते आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून किंमत ठरवून घ्यावी लागते. ही सगळी रचना गोठ्यात जनावर बांधणाऱ्या, गावात घर असलेल्या शेतकऱ्याला नजरेसमोर ठेवून झालेली आहे. मेंढपाळाचा वाडा दोन-तीन दिवसांत पुढे सरकतो, कारण पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिलेला असतो आणि मागच्या शिवारातला चारा संपलेला असतो.

गेल्या हिवाळ्यात भावाची एक गाभण मेंढी आणि दोन कोकरे एकाच पहाटे गेली. कोकरे लांडग्याने उचलून नेल्याने त्यांचा मागमूस नव्हता. मेंढी मात्र ओढ्यात पोट फाडलेल्या अवस्थेत सापडली. जागा दोन वनपरिक्षेत्रांच्या सीमेवर होती. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने ‘कुत्र्यांनीही मारले असेल’ असे सांगून उद्या येतो म्हटले. भाऊ एक दिवस थांबला. दुसऱ्या दिवशी मेंढीवर गिधाडे नव्हे, तर गावातली कुत्री बसली होती आणि मग पंचनाम्याला अर्थच उरला नाही. मेंढीच्या पोटातल्या कोकराचा हिशेब धरण्याची सोय तर नियमातच नाही. अशा अनुभवानंतर मेंढके तक्रार करणे सोडून देतात, आणि नोंदच नसल्याने आपल्या मंडळापुढे येणाऱ्या आकड्यांत हा संघर्ष प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो.

कुत्र्यांचा उल्लेख आलाच आहे तर तो अर्धवट सोडू नये. गावांच्या वेशीवरचा कचरा, कोंबड्यांच्या शेडमधून फेकलेली मेलेली कोंबडी यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आज कित्येक ठिकाणी लांडग्याइतकीच मेंढरे मारतात. त्यांच्या हल्ल्याला वन विभागाची भरपाई लागू नाही, कारण कुत्रे वन्यप्राणी नाही. हीच कुत्री रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लांडग्यांपर्यंत पोहोचवू शकतात. पुणे जिल्ह्यातील माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेले प्राणी असल्याचे जनुकीय तपासणीत स्पष्ट झालेले आहे. म्हणजे भटका कुत्रा हा मेंढपाळाचा जितका शत्रू, तितकाच लांडग्याचाही. या एका बाबतीत दोघांचे हित पूर्णपणे एक असताना कुत्र्यांच्या लसीकरणाचा आणि निर्बीजीकरणाचा कार्यक्रम माळरानाच्या गावांत का पोहोचत नाही?

बिबट्याचा प्रश्न लांडग्याहून वेगळा आहे आणि दोघांना एकाच मापाने मोजू नये. लांडगा उघड्या माळाचा प्राणी. बिबट्याला आडोसा लागतो आणि उसाने तो त्याला दिला. अकोले परिसरात झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यातही सर्वांत मोठा, सुमारे ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा होता. परंतु हाच बिबट्या वाघरीत उतरला की गोष्ट निराळी होते. कोंडलेली मेंढरे घाबरून एकमेकांवर चढतात, काही गुदमरून मरतात, आणि सकाळी एका मेंढीच्या शिकारीमागे आठ-दहा मृत मेंढरे मोजावी लागतात. गुदमरलेल्या मेंढरांवर दाताची खूण नसते, त्यामुळे त्यांची भरपाई नाकारली जाण्याची भीती असते.

मुंबईने या बाबतीत एक धडा मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. २००४ च्या सुमारास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भोवती बिबट्याच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. त्यानंतर हळूहळू हे समजत गेले की एका जागचा बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो. जुन्नरमध्ये २००१ ते २००३ या काळात हेच दिसले होते. मग मुंबईत कचरा, कुत्री, रात्रीचा उजेड, लोकांशी संवाद यांवर काम झाले आणि आज आरे आणि येऊरच्या कडेला माणसे आणि बिबटे, तणाव असला तरी, शेजारी राहत आहेत. या कामात शहरातील नागरिक, संशोधक, वनकर्मचारी आणि वृत्तपत्रे सगळेच होते. शहराला जे शहाणपण मिळाले, त्याच्या निम्मेही साधन शिरूर किंवा संगमनेरच्या वस्तीवर पोहोचलेले नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात लहान मुलांचे बळी गेले तेव्हा संतापलेल्या लोकांनी पिंजऱ्यांची मागणी केली, आणि ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना मुंबईत बसून सहजीवनाचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही, असे माझे मत आहे.

आपल्या शहरातील वन्यजीवप्रेमी मित्रांनाही मी हेच सांगत असतो. रविवारी पहाटे निघून पुण्याच्या पुढे माळरानावर लांडग्याचे छायाचित्र काढायला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आनंद आहे. त्या छायाचित्रात लांडग्याच्या तोंडात जे असते ते अनेकदा कोणाच्या तरी घरातले कोकरू असते. भारतीय लांडगा वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि तो तिथेच राहावा. पण या लांडग्याला आजवर जगवले ते कोणत्याही अभयारण्याने नव्हे. काळवीट आणि चिंकारा आक्रसल्यावर त्याचे पोट मोठ्या प्रमाणात मेंढ्या-शेळ्यांवर भरते, आणि ती मेंढरे मोकळ्या माळावर असतात तोवरच भरते. सगळे मेंढपाळ उद्या बंदिस्त शेडमध्ये शेळीपालन करू लागले, आणि शासनाच्या सल्ल्याचा रोख बराचसा तसाच आहे, तर माळावर लांडग्यासाठी काय उरेल याचा विचार मंडळाने करावा. तग धरू न शकणारा मेंढपाळ सहनशीलही राहत नाही. बीळ बुजवणे, बिळात धूर करणे, मेलेल्या मेंढरावर विष टाकणे हे प्रकार होतात. ते गुन्हे आहेत. कंगाल झालेल्या माणसाकडून ते अधिक सहज घडतात.

दुसऱ्या देशांनी काय केले, याची एकच नोंद करतो. फ्रान्समध्ये १९९२ च्या सुमारास इटलीतून लांडगा परतला, तेव्हा तिथल्या सरकारने मेलेल्या मेंढ्यांच्या भरपाईबरोबर राखणदाराचा पगार, राखणीची कुत्री आणि कुंपण यांवरही खर्च सुरू केला. तिथले मेंढपाळ आजही समाधानी नाहीत आणि डिसेंबर २०२४ मध्ये बर्न करारातील, म्हणजे युरोपातील वन्यजीव संरक्षणाच्या करारातील, लांडग्याचे संरक्षण एक पायरी खाली आणण्यात आले. तरीही राखण हे श्रम आहे आणि समाजाला वन्यप्राणी हवा असेल तर त्या श्रमाचे मोल समाजाने द्यावे, हे तत्त्व तिथे मान्य झाले. आपल्याकडे राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढा यांसाठी ७५ टक्के अनुदान आहे, चराई अनुदानाचीही तरतूद आहे. योजना चांगली आहे. मात्र ती मेंढरे वाढवते. त्यांना राखणारा माणूस आणि चरायला मोकळी जमीन ही दोन्ही तिच्या आवाक्याबाहेर आहेत.

म्हणून मंडळाकडे मागणी करताना मी प्रथम जमिनीचा विषय मांडतो. गवताळ माळ म्हणजे झाडे लावायची राहून गेलेली जागा, ही समजूत वन विभागातून अजून पुरती गेलेली नाही. सोलापूर-पुणे पट्ट्यात गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून कित्येक कुरणे बिघडली. माळढोक, लांडगा आणि मेंढी या तिघांनाही उघडे गवत लागते. अशा जमिनींवर खड्डे खोदून रोपे लावण्याचे कार्यक्रम थांबवावेत आणि जिथे शक्य आहे तिथे फिरत्या पद्धतीने चराई खुली करावी. वन हक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(ड) मध्ये स्थायिक आणि भटक्या अशा दोन्ही मेंढपाळांचा चराईचा हक्क मान्य केलेला आहे. आमच्या वाटेवरच्या तालुक्यांत त्याखाली दावा कसा करायचा, हे सांगणारा अधिकारी मात्र भावाला अद्याप भेटलेला नाही. (धनगर समाजाच्या प्रश्नांवर निवडणुकीत सभा गाजतात त्या बहुतेक आरक्षणावर. चराईवर एखादी गाजल्याचे मला आठवत नाही.)

भरपाईसाठी मेंढपाळाला कोणत्याही वनपरिक्षेत्रात तक्रार नोंदवता यावी, स्थळ-वेळेसह काढलेले मोबाइल छायाचित्र आणि मुक्कामाच्या शेतकऱ्याची साक्ष ग्राह्य धरली जावी, आणि उचलून नेलेल्या कोकरांचा व गुदमरलेल्या मेंढरांचा त्यात समावेश व्हावा. राखणीसाठी उचलता येईल असे लोखंडी जाळीचे कुंपण, सौर दिवे आणि वाड्यावरील कुत्र्यांचे लसीकरण यांची सोय व्हावी. कोकरांच्या हंगामात एक जादा माणूस ठेवता येईल एवढा राखणदार भत्ता मिळावा. यातील पैशाचा मोठा भाग गावातच, एखाद्या बेरोजगार तरुणाच्या हाती जाईल. हे सर्व करायचे तर आधी वाडे किती आणि त्यांच्या वाटा कोणत्या, हे माहीत हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची नोंद प्रथमच स्वतंत्रपणे घेण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने पशुगणनेच्या नोंदींवरून वाड्यांच्या वाटांचा नकाशा तयार करण्याचे काम वन व पशुसंवर्धन विभागांनी एकत्र हाती घ्यावे.

शेवटची मागणी मंडळाच्या रचनेविषयी आहे. वन्यजीव अधिनियमानुसार राज्य शासन आपल्या मंडळावर वन्यजीव संवर्धन, परिस्थितिकी आणि पर्यावरण या क्षेत्रांतील दहा व्यक्तींची नियुक्ती करू शकते आणि त्यांत अनुसूचित जमातींचे किमान दोन प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. या दहांपैकी एक जागा प्रत्यक्ष वाडा घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळाला द्यावी. लांडग्याचे बीळ कुठल्या ओढ्यात आहे, पिल्ले कधी बाहेर पडली आणि कोणत्या टोळीने कोणता माळ सोडला, हे त्याला ठाऊक असते. बैठकीची तारीख मात्र पावसाळ्यातली ठेवावी लागेल, कारण दिवाळीनंतर तो मुंबईला येऊ शकणार नाही. वाडे हलण्यापूर्वी निदान भरपाईच्या पद्धतीतील बदलाचे परिपत्रक सर्व वनपरिक्षेत्रांना पोहोचावे, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
मेंढपाळ कुटुंबातील एक नागरिक
घाटकोपर, मुंबई